शेप वन आणि रक्ताचा एक थेंब

सैनिकांचा डीएनए आधीच घेऊन साठवून ठेवावा का, असं कुणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर झटकन येतं, ठेवावा की, त्यात विचारायचं काय! कारण डोळ्यासमोर येतं ते मुंबईचं नेव्हल डॉकयार्ड. १४ ऑगस्ट २०१३, मध्यरात्र नुकतीच उलटलेली, आयएनएस सिंधुरक्षक ही पाणबुडी डॉकयार्डातच उभी असताना आत स्फोट झाले, आग लागली आणि ती उभ्या जागी बुडाली. आत १८ जण होते, एकही वाचला नाही. नेव्हीच्या डायव्हर्सनी त्या गढूळ पाण्यातून, वाकड्यातिकड्या झालेल्या लोखंडातून जे बाहेर आणलं ते इतकं जळालेलं होतं की चेहरा बघून ओळखायचा प्रश्नच नव्हता, घरच्यांची सॅम्पल घेऊन डीएनए जुळवावा लागला. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावतांचं हेलिकॉप्टर पडलं तेव्हाही तेच झालं. आधी तिघांचीच ओळख पटली, रावत, त्यांच्या पत्नी आणि ब्रिगेडियर लिड्डर, बाकीच्यांसाठी पुन्हा घरच्यांची सॅम्पल आणि पुन्हा वाट बघणं.

‘घरच्यांचे डीएनए नमुने घेण्यात आले’ हे पेपरात एका ओळीत येतं. पण जरा थांबून बघा ना त्या ओळीत काय काय असतं ते. बाप म्हणून तुम्ही गावाकडून निघालाय, मनात कुठेतरी अजून आहे की आपला त्या दिवशी ड्युटीवर नसेलच, आणि हॉस्पिटलात एकजण शांतपणे म्हणतो, काका, तोंड उघडा, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायचीय. तुम्ही तोंड उघडलं म्हणजे एका अर्थी तुम्ही मान्य केलं. आणि मग रिपोर्ट येईपर्यंत ना सुतक ना आशा.

यात अजून एक भानगड आहे, तिच्याबद्दल कुणी उघड बोलत नाही. बापाचं सॅम्पल घेतलं, देहाशी जुळवलं, आणि जुळलंच नाही तर? दोन शक्यता असतात, हा देह दुसऱ्याच कुणाचा आहे, किंवा देह त्यांच्याच मुलाचा आहे पण रक्ताच्या नात्यात काहीतरी वेगळं आहे, जे आईला माहीत असेल किंवा तिलाही नसेल, दत्तक घेतलं असेल आणि आयुष्यभर कुणाला सांगितलं नसेल. लॅबमध्ये बसलेल्या माणसाला ते कळतं. त्याने काय करायचं? सांगायचं? कोणाला? घरात मयत असताना? आता जवानाचं स्वतःचं सॅम्पल आधीपासून ठेवलेलं असेल तर हा सगळा प्रकारच टळतो, त्याचं त्याच्याशीच जुळवायचं, आईबापाला हात लावायची गरज नाही आणि घरातलं गुपित घरात राहतं. डीएनए बँकेच्या बाजूने मला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच आहे आणि गंमत म्हणजे तो प्रायव्हसीचा मुद्दा आहे, ज्या नावाखाली एरवी बँकेला विरोध होतो.

अमेरिकेने हे काम सगळ्यात आधी मोठ्या प्रमाणावर केलं. आखाती युद्ध १९९१ च्या सुरुवातीला संपलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिथल्या संरक्षण खात्याने ठरवलं की प्रत्येक सैनिकाचं सॅम्पल ठेवायचं. पद्धत अगदी साधी. एक जाड शोषक कागदाचं कार्ड, त्यावर छापलेले गोल, बोटाला टोचून तो गोल रक्ताने भरायचा, अर्धवट नाही, पूर्ण, मग ते कार्ड हवेत वाळू द्यायचं, ओलं पॅक केलं तर बुरशी येते आणि डीएनए खराब होतो, वाळलं की ओल शोषणाऱ्या पुडीसोबत सीलबंद पाकिटात. ते पाकीट थंड गोदामात जाऊन पडतं. तपासणी काहीच होत नाही, प्रोफाइल काढत नाहीत, नुसतं पडून राहतं, जवान सुखरूप रिटायर झाला तर त्या पाकिटाला कधी हातही लागत नाही. एवढं ऐकलं की कुणाला वाटेल यात वाईट काय आहे.

आणि डीएनएने काय होऊ शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण तिथलंच आहे, ते जरा सविस्तर सांगते. मायकल ब्लासी, एअरफोर्सचा लेफ्टनंट, वय २४. ११ मे १९७२ ला दक्षिण व्हिएतनाममध्ये आन लॉकजवळ त्याचं विमान पाडलं. काही महिन्यांनी तिथे सहा हाडं मिळाली, सोबत विमानातल्या सामानाचे तुकडे आणि त्याचं ओळखपत्रसुद्धा. म्हणजे पहिल्यांदा नाव होतं बरं का त्या हाडांना, ‘बहुधा ब्लासी’ असं. पुढे ते ओळखपत्र गहाळ झालं, हाडांवरून काढलेला वयाचा आणि उंचीचा अंदाज जुळेना, रक्तगटही जुळेना, म्हणून १९८० मध्ये नाव काढून टाकलं आणि नुसता नंबर राहिला, एक्स २६. त्याच सुमाराला सरकारला आर्लिंग्टन या लष्करी दफनभूमीतल्या अज्ञात सैनिकाच्या समाधीत ठेवायला व्हिएतनाम युद्धातला एक ‘अज्ञात’ हवा होता. पहिल्या महायुद्धाचा होता, दुसऱ्याचा होता, कोरियाचा होता, व्हिएतनामचा खड्डा रिकामा. मग एक्स २६. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या उपस्थितीत मोठा समारंभ झाला, देशाने सलामी दिली. ब्लासीच्या घरच्यांना मात्र पत्ता नाही.

१४ वर्षं तो तिथे अज्ञात म्हणून राहिला. मग पत्रकारांनी कागद उकरले, घरच्यांनी पाठपुरावा केला आणि मे १९९८ मध्ये समाधी उघडली. आईकडून मुलांकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईच्या आणि बहिणीच्या सॅम्पलशी जुळवला, जून संपता संपता उत्तर आलं, ब्लासीच. जुलैमध्ये त्याला सेंट लुईसला, घराजवळ पुरलं. व्हिएतनामचा तो खड्डा आजही रिकामाच ठेवलाय. यावर काही लोक हळहळतात की आता अज्ञात सैनिक ही कल्पनाच संपली, ज्याच्यात प्रत्येक आई आपला मुलगा बघू शकायची. मला नाही वाटत त्यात हळहळण्यासारखं काही. देशाला प्रतीक हवं होतं आणि त्यासाठी एका आईचा मुलगा वापरला गेला, तेही ‘बहुधा तोच’ असं आधी कागदावर लिहिलेलं असताना.

पर्ल हार्बरला बुडालेल्या यूएसएस ओक्लाहोमावरचे ३८८ जण असेच बिननावाचे पुरलेले होते, २०१५ ला त्यांचे अवशेष वर काढायला सुरुवात केली आणि पुढच्या सहा वर्षांत साडेतीनशेहून जास्त जणांना नाव मिळालं. आपल्याकडे अशी ओळख बऱ्याचदा धातू आणि कागदाच्या भरवशावर पटलीय. सियाचिनमध्ये १९८४ ला हिमस्खलनात गेलेले लान्स नायक चंद्रशेखर हर्बोला ३८ वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये सापडले तेव्हा नंबर कोरलेल्या डिस्कवरून कळलं. १९६८ ला रोहतांगच्या बाजूला एअरफोर्सचं एएन-१२ विमान १०२ जणांना घेऊन बेपत्ता झालं, त्यातले चार देह २०२४ च्या सप्टेंबरअखेर मिळाले आणि एकाच्या अंगावर पेबुक होतं, म्हणजे जवानाची पगाराची वही. बर्फाने कागद जपला म्हणून. सिंधुरक्षकच्या आगीत कसला कागद आणि कसलं काय.

तर मग प्रश्न कुठे येतो?

१९९५ साली हवाई बेटांवर दोन मरीन, जॉन मेफिल्ड आणि जोसेफ व्लाकोव्स्की, म्हणाले की आम्ही रक्त देणार नाही. लढायला ना नाही, मरायला ना नाही, पण आमचा डीएनए नाही. त्यांचं म्हणणं सोपं होतं, आज तुम्ही ओळख पटवायला म्हणताय पण उद्या दुसऱ्या कशाला वापरणार नाही याची गॅरंटी काय? तेव्हा ती सॅम्पल ७५ वर्षं ठेवायचा नियम होता. ७५ वर्षं! विशीतल्या पोराचं सॅम्पल तो पंचाण्णव वर्षांचा होईपर्यंत. यात मेल्यावर ओळख पटवण्याचा संबंध कुठे येतो, माणूस वीस वर्षांत फौज सोडून जातो. कोर्टमार्शल झालं, आदेश कायदेशीर ठरला, दोघे दोषी, पण शिक्षा काय तर लेखी ताकीद आणि सात दिवस बेसबाहेर पडायचं नाही. एवढ्या हलक्या शिक्षेवरून मला तरी वाटतं की शिक्षा देणाऱ्यांनाही त्यांचं म्हणणं अगदीच खुळचट वाटलं नसावं. १९९६ ला मुदत ५० वर्षांवर आणली आणि नोकरी संपल्यावर अर्ज करून सॅम्पल नष्ट करून घ्यायची सोय केली. म्हणजे त्या दोघांच्या हट्टाच्या काळातच बाकी सगळ्यांच्या पदरात काहीतरी पडलं.

मात्र त्यांची भीती खोटी ठरली नाही. २००२ च्या शेवटी अमेरिकी संसदेने कायदा केला की गंभीर गुन्ह्याच्या तपासात, दुसरीकडून डीएनए मिळत नसेल आणि कोर्टाने आदेश दिला असेल तर ही सॅम्पल वापरता येतील. आता इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं हे कबूल करते. बलात्काराच्या केसमध्ये सॅम्पल गोदामात पडून आहे आणि आपण म्हणायचं की नाही, ते फक्त मेल्यावरच्या ओळखीसाठी आहे, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? पण दुसरी बाजू बघा, त्याच गल्लीतला जो पोरगा भरती झाला नाही त्याचा डीएनए सरकारकडे नाही, आणि जो देशासाठी गेला त्याचा आहे. शिवाय डीएनए एकट्याचा नसतोच, अर्धा भावाशी जुळतो, ज्या भावाने कुठल्याच कार्डावर बोट टेकवलेलं नाही.

लोक म्हणतात सही घेतात ना, कन्सेंट घेतात. वर्दीतल्या माणसाची सही म्हणजे काय असते हे ज्यांच्या घरात कुणी फौजेत आहे त्यांना विचारा. आपल्या घटनेच्या कलम ३३ मध्येच आहे की सैन्यदलांच्या बाबतीत संसद मूलभूत हक्कांना कात्री लावू शकते, आणि ते गरजेचंही आहे, हल्ल्याचा हुकूम आल्यावर कुणी फॉर्म भरत बसत नाही. पण मग तिथल्या ‘हो’ला आपण संमती म्हणू नये, हुकूमच म्हणावं, म्हणजे निदान जबाबदारी हुकूम देणाऱ्यावर राहते.

माझे एक चुलते, आम्ही तात्या म्हणतो, सातारकडचे, सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यांना हे सगळं सांगत होते तर कोर्टमार्शलपर्यंत ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण त्यात शेप वन दिसतं का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेप म्हणजे फौजेची मेडिकल कॅटेगरी, मन, कान, हातपाय, शरीराची ताकद आणि डोळे, पाचही ठीक तर शेप वन. तात्यांच्या भाषेत, "शेप वन गेलं की परमोशन गेलं, परमोशन गेलं की लवकर घरी." गुडघा सुजला तरी न सांगता पीटीला जाणारे, बीपीची गोळी बाहेरच्या डॉक्टरकडून गुपचूप आणणारे कितीतरी, असं ते हसत हसत सांगतात. त्यांच्या एका प्रश्नाने माझं डोकं भलतीकडेच गेलं. मी पोलीस, हॅकर, प्रायव्हसी असलं काय काय घोळवत होते, आणि जवानाची खरी भीती मेडिकल बोर्डाची आहे, म्हणजे तो नोकरीला फिट आहे का हे ठरवणाऱ्या फौजेच्या डॉक्टरांची.

आणि ती खोटी नाही. धर्मवीर सिंग विरुद्ध भारत सरकार ही २०१३ ची सुप्रीम कोर्टाची केस बघा. सिग्नल कोअरमधला जवान, १९८५ ला भरती, नऊ वर्षांनी झटके येतात म्हणून बोर्डआउट, म्हणजे मेडिकल बोर्डाने घरी पाठवला. बोर्डाने लिहिलं की आजार कॉन्स्टिट्यूशनल आहे, म्हणजे अंगचाच आहे, नोकरीशी संबंध नाही, झालं, डिसेबिलिटी पेन्शन नाही. सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं. भरतीच्या वेळी कागदावर कुठल्या आजाराची नोंद नसेल तर तो आजार नोकरीतच झाला असं धरायचं, तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, शंकेचा फायदा जवानाला. या एका निकालावर नंतर कितीतरी जवानांचं पेन्शन उभं आहे.

पण त्याच नियमात एक फट आहे. भरतीच्या तपासणीत आजार दिसणं शक्यच नव्हतं असं डॉक्टरांनी कारणं देऊन म्हटलं, तर तो नोकरीत झाला असं धरत नाहीत. आणि जनुकातला दोष म्हणजे नेमकं हेच! जन्मापासून आत होता, स्टेथोस्कोपला दिसला नाही. आजवर हे सिद्ध करायला बोर्डाकडे काही नसायचं, ‘कॉन्स्टिट्यूशनल’ असा मोघम शब्द असायचा आणि कोर्टात तो टिकत नसे. उद्या भरतीच्या दिवशी घेतलेलं सॅम्पलच फ्रीजरमध्ये असेल तर? तेरा हजार फुटांवर तीन हिवाळे काढून हृदयाचा त्रास झालेल्या माणसाला सांगता येईल की बाबा रे, तुझ्यात ते जनुक आधीपासूनच होतं, हिवाळ्याचा काय दोष. जनुक असणं आणि आजार होणं यात किती अंतर असतं, मधे थंडी, ताण, जागरण, हुकूम सगळं येतं, हे बोर्डाच्या कागदात कोण लिहिणार.

हे मी कल्पनेने रंगवतेय असं वाटत असेल तर सिकल सेलचा, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, इतिहास बघा. १९६८-६९ मध्ये अमेरिकेच्या टेक्सासमध्ये, समुद्रसपाटीपासून चारेक हजार फुटांवर, ट्रेनिंग घेताना चार कृष्णवर्णीय रिक्रूट गेले, चौघांमध्येही जनुकांच्या जोडीतला एकच सिकल सेलचा होता, दुसरा ठीक, म्हणजे विदर्भात ज्याला एएस पॅटर्न म्हणतात तो. त्यांच्या एअरफोर्स अकॅडमीने एएस वाल्या मुलांना प्रवेशच बंद ठेवला, १९८१ मध्ये कोर्टकचेरीनंतर तो उठला. एएस असलेली बहुतेक माणसं आयुष्यभर धडधाकट असतात. आता हे आपल्याकडे आणून बघा, सिकल सेल कुठे आहे, गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये जास्त. डीएनए बघून गाळायचं ठरवलं तर चाळणीत कोण अडकणार हे वेगळं सांगायला नको, आणि कागदावर कुठेही जात लिहिलेली नसेल.

मोहही मोठा आहे. २०१० मध्ये पेंटागॉनला, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याला, सल्ला देणाऱ्या जेसन नावाच्या शास्त्रज्ञांच्या गटाने अहवाल दिला की जनुकांचं वाचन स्वस्त होत चाललंय, तेव्हा सगळ्या सैनिकांची जनुकीय माहिती गोळा करून आजारांशी आणि क्षमतेशी ताडून बघायची तयारी ठेवा. २००८ साली जनुकांवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा तिथे झाला, पण तो फौजेला लागू नाही. आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये त्याच पेंटागॉनने आपल्या लोकांना सांगितलं की त्या घरबसल्या थुंकी पाठवायच्या खासगी डीएनए टेस्ट करू नका, सुरक्षेला धोका आहे, नोकरीवर परिणाम होऊ शकतो. दुसऱ्याला देऊ नकोस, मला दे. हसावं की रडावं.

इथपर्यंत माझं मत पक्कं होत आलं होतं की एका कामासाठी घेतलेलं रक्त दुसऱ्या कामाला वापरू नये, पण एका गोष्टीने त्याला तडा दिला. अमेरिकी सैन्य १९८० च्या दशकापासून जवानांच्या एचआयव्ही टेस्ट करतं, आणि त्या टेस्टनंतर उरलेलं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, फेकून न देता साठवत गेलं, कोट्यवधी नळ्या. हे डीएनए कार्डांपेक्षा वेगळं गोदाम आहे, पण प्रश्न तोच, एका कामासाठी घेतलेलं रक्त दुसऱ्या कामाला. २०२२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी त्याच नळ्यांवरून, एक कोटीहून जास्त सैनिकांच्या नोंदी वापरून दाखवलं की एपस्टाइन-बार नावाच्या अगदी कॉमन व्हायरसची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका ३२ पटीने वाढतो. कित्येक दशकं नुसता संशय होता, एवढा भक्कम पुरावा तेव्हा पहिल्यांदा मिळाला, आणि तो मिळालाच नसता जर एका कामाचं रक्त दुसऱ्या कामाला वापरलं नसतं. मग आता? माझ्या तत्त्वाने त्या नळ्या फेकून द्यायला हव्या होत्या.

बराच विचार करून माझ्यापुरतं उत्तर असं आहे की विचारून घ्या. त्याच देशात २०११ पासून माजी सैनिकांसाठीचा मिलियन व्हेटरन प्रोग्रॅम चालू आहे, फौज सोडलेल्या माणसाला विचारतात, देतोस का रक्त संशोधनाला, नाही म्हणालास तर काही बिघडत नाही. २०२३ मध्ये त्यांचे दहा लाख पूर्ण झाले. दहा लाख माणसं स्वखुशीने! म्हणजे जवान संशोधनाला नाही म्हणतात असं नाही, वर्दी उतरल्यावर विचारलं की बिनदिक्कत देतात.

आपल्याकडे तर चौकटच नाही. डीएनए तंत्रज्ञानाचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. आहे तो २०२२ चा गुन्हेगार ओळखीचा कायदा, त्यात अटक झालेल्यांच्या नोंदी ७५ वर्षं ठेवायची तरतूद आहे, पुन्हा तेच ७५, हा आकडा सरकारांना का एवढा आवडतो देव जाणे. सैन्यासाठी उद्या नियम करायला बसले तर रक्ताचं कार्ड ज्यांच्या ताब्यात असेल त्यांचा मेडिकल बोर्डाशी काडीचा संबंध नसावा, पेन्शनच्या केसमध्ये ते सॅम्पल सरकारने पुरावा म्हणून आणूच नये, जवानाला स्वतःला आणायचं असेल तर आणू दे, एवढं तरी लेखी हवं. आणि नोकरी संपली की कार्ड नष्ट, अर्ज वगैरे न करता आपोआप, ठेवायचं असेल तर सरकारने अर्ज करावा.

तात्यांना हे शेवटचं अजिबात पटलं नाही. म्हणाले, "आगं, रिझर्व्हला असतो की आम्ही काही वर्षं. लढाई लागली अन् परत बोलावलं, तर?" त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, बरं, रिझर्व्हची मुदत संपेपर्यंत ठेवा. त्यावर ते म्हणाले की मग ठीक आहे, पण नष्ट केल्याचा कागद मिळाला पाहिजे, शिक्क्यासकट, डिस्चार्ज बुकात लावायला, नाहीतर फौजेत तोंडी सांगितलेलं काही खरं नसतं.